निघालोय गं आई

भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो आचारी होता. ते पाणी आपलंच, असं दोन देश म्हणत. गस्ती बोटी जवळ आल्या की तो कामगारांना म्हणे, "समुद्र कुणाचा ते ठरेपर्यंत जेवून तरी घ्या!"

मग तणाव वाढला, किनाऱ्यावर नेणारं हेलिकॉप्टर बंद झालं आणि नेमकं तेव्हाच आईने अंथरूण धरलं. बहिणीने फोन तिच्या कानाला लावला.

"निघालोय गं आई," तो खोटंच बोलला.

"सावकाश ये रे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. हेलिकॉप्टर पुन्हा सुरू झाल्यावर तो घरी पोहोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. बहीण म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

"मी निघालोच नव्हतो गं."

"मला ठाऊक होतं. तिला नव्हतं." बहिणीने त्याला जवळ घेतलं, तसा तो हमसून हमसून रडला.