मांजराची छावणी

आमची मांजरी चेअरमनला आडवी गेली ती नेमकी गावच्या सेवा सोसायटीच्या निवडणुकीचे अर्ज भरायच्या दिवशी. गळ्यात हार, कपाळाला गुलाल अशा थाटात चेअरमनची जीप आमच्या गल्लीतून निघाली होती. पुढं हलगी, मागं कार्यकर्ते. मांजरी भिंतीवरून खाली उतरली, हलगीकडं एकदा पाहिलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या रिकाम्या गोठ्यात गेली.

जीप थांबली. चेअरमन उतरून घरी परत गेले, पाय धुतले, चहा घेतला आणि पुन्हा निघाले. पुढं छाननीत त्यांच्या पॅनलचे काही अर्ज बाद झाले, कारण त्यांवर सूचकाच्या सह्याच नव्हत्या. सह्या घ्यायच्या राहून गेल्या, असं गावात कुणी म्हणालं नाही. मांजर आडवं गेलं, एवढंच सगळे म्हणाले.

मी तेव्हा तेलगावच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलवर इतिहास शिकवत होतो. मोठमोठी राज्यं कशानं बुडाली याची कारणं मी मुलांकडून घोकून घेत असे. त्यात मांजर कुठंच नव्हतं.

छाननीच्या संध्याकाळी चेअरमनचा माणूस दारात आला. सोसायटीत त्याला कशावर नेमलं होतं हे मला कधीच कळलं नाही. चेअरमनची पिशवी धरून मागं मागं चालणं, एवढंच त्याचं काम मी पाहिलं होतं.

"गुरुजी, मांजर आवरा," तो म्हणाला. "न्हाईतर आमी पोत्यात घालून लांब सोडून येताव. मागून म्हनू नका, सांगितलं न्हाई."

त्या दुष्काळात पोत्यात घालून लांब सोडणं म्हणजे काय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शिवारात कुठं पाण्याचा थेंब नव्हता, आणि मेलेल्या जनावरांवर पोसलेली कुत्री टोळीनं हिंडत होती. ही मांजरी घरात होती म्हणून माझी पुस्तकं उंदरांच्या तावडीतून वाचली होती. बायकोशी तिचं काय नातं होतं ते मी सांगणार नाही. माझं जेवण तिच्यानंतर वाढलं जाई, यावरून काय ते समजावं.

घरात कोंडून ठेवू, असं मी सुचवलं. बायकोनं फक्त वर पत्र्याकडं बोट दाखवलं. दुपारी त्या घरात आम्हीच भाजून निघत होतो. म्हणजे उरलं परस. तिथं एक लिंबोणी, एक शेवगा आणि एक कढीपत्ता भांडी धुतलेल्या पाण्यावर तग धरून होते. भोवती छातीएवढी विटांची भिंत होती, पण मांजराच्या लेखी ती भिंत म्हणजे बसायचा कट्टा.

तलाव आटल्यामुळं मच्छीमार सोसायटीची जाळी नुसती वाळत पडली होती. तिथल्या सेक्रेटरीकडं मी एखादं जुनं जाळं मागितलं. कशाला म्हणून विचारल्यावर खरं ते सांगितलं. "तळ्यात मासा न्हाई ऱ्हायला, जाळ्यात मांजर तरी ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यानं एक जाळं माझ्या खांद्यावर टाकलं.

भिंतीवर बांबू रोवून मी ते चांगलं ताणून बांधलं. मला वाटलं, जाळं जितकं ताठ तितकं भक्कम. मांजरीनं शिडी चढावी तशी ती जाळी चढून दाखवली आणि वरच्या टोकावर बसून आमच्याकडं पाहत राहिली. मग बांबूच्या शेंड्यांना लोखंडी पट्ट्या बांधून त्या आतल्या बाजूला वाकवल्या आणि जाळं ढिलं सोडलं. आता ती चढली की जाळं झोके घेई, वरचा भाग डोक्यावर येई आणि पाय कुठं ठेवावा ते तिला कळत नसे. ती उतरली आणि पंजा चाटत बसली. शेवग्याची भिंतीकडची फांदी तोडली, बुंध्याला पत्रा गुंडाळला, फाटकाखालची फट विटांनी बुजवली. फुटका रांजण लिंबोणीच्या सावलीत आडवा टाकला, तो तिचा बंगला.

गावात नुकतीच जनावरांची छावणी सुरू झाली होती. तिथं मांडव, फीत, पाहुणे सगळं होतं, आणि भाषणं चाऱ्यापेक्षा लांब होती. त्यामुळं आमच्या परसाला 'मांजराची छावणी' हे नाव लगेच चिकटलं. उद्घाटनाला कोण येणार, असं पारावर कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, आमच्या छावणीत फक्त जनावर घेतात.

एका संध्याकाळी खुद्द चेअरमन आले. इतकी वर्षं एका गल्लीत राहून ते आमच्याकडं कधी आले नव्हते. जाळ्याबाहेर उभं राहून त्यांनी मांजरीला नीट न्याहाळलं. मग इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या पॅनलवाल्यांचा प्रचाराचा नारळ फुटणार होता आणि त्यांची मिरवणूक आमच्या गल्लीतून जाणार होती.

"तर गुरुजी, सकाळी तेवढी घडीभर सोडा की तिला."

मला आधी चेष्टा वाटली. "परवा तर पोत्यात घालणार होतात."

"ते आमचं ते येडं म्हनलं. मांजर लई गुणाचं हाय. फकस्त उद्या सोडा."

गर्दीत कुणी तिला दगड मारला तर, असं मी विचारलं. ते हसले. "एका मांजराचं काय घेऊन बसलाव?"

बायको आतून हात पुसत बाहेर आली. "भाऊ, ती कुनाच्याच पॅनलमधी न्हाई. परसात हाय, परसातच ऱ्हाईल."

चेअरमन जायला वळले. "पानी कुनामुळं पिताव, त्याचा इचार करा," एवढं बोलून गेले.

टँकर सरकारी होता, पण ड्रायव्हर चेअरमनचा. दुसऱ्या दिवसापासून टँकर आमच्या ड्रमासमोरून न थांबता जायला लागला. आम्ही गावाबाहेरच्या हापशावर जाऊ लागलो. तो मनात आलं तर पाणी द्यायचा. पाणी वापरायचा क्रम बायकोनं ठरवून टाकला: आधी पिण्याला, मग मांजरीला, उरलं तर लिंबोणीला. लिंबोणीनं पानं टाकली.

एकदा हापशावर ताटकळत उभा असताना मलाही वाटलं, घडीभर सोडलं तर काय बिघडणार होतं? परत येताना ओढ्याजवळ कुत्री एका वासराभोवती जमलेली दिसली. घरी आल्यावर हंडा ठेवला आणि फाटकाखाली आणखी दोन विटा बसवल्या.

मग समोरच्या पॅनलचा निरोप आला. मतदानाला चेअरमन निघतील तेव्हा मांजर सोडा, तुमच्या दारात पाण्याची सोय आम्ही करतो. मी निरोप्याला सांगितलं, निदान या एका मुद्द्यावर दोन्ही पॅनलचं एकमत आहे, तर जाहीरनाम्यात छापून टाका.

मतदानाच्या दिवशी गल्लीत शुकशुकाट होता. गुरुजी दुसऱ्यांसाठी मांजर सोडतील या धास्तीनं दोन्ही पॅनलच्या जिपा पलीकडच्या आळीनं, लांबच्या वाटेनं गेल्या. चेअरमन पडले. गुरुजींनी मांजर सोडलं म्हणून पडले, असं त्यांच्या माणसानं पारावर सांगितलं. मी खुलासा केला नाही.

नव्या चेअरमननी माझा सत्कार ठरवला. निवडणुकीत मी निःपक्षपाती राहिलो म्हणून शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. निरोप घेऊन आलेल्या माणसानं हेही सांगितलं, की कार्यक्रम झाला की टँकर दारात थांबेल. आणि मी आलो नाही तर? तो म्हणाला, "मग टँकरचं काय सांगता येत न्हाई बगा."

सत्काराच्या संध्याकाळी मी परसात भिंतीवर चढलो होतो. वावटळीनं जाळं एका कोपऱ्यात फाटलं होतं. बायको खालून सुतळी देत होती, आणि सुतळीच्या लोंबत्या टोकावर मांजरीचा डोळा होता. शाळेच्या मैदानावरून लाउडस्पीकर ऐकू आला. गुरुजी जिथं असतील तिथून त्यांनी व्यासपीठाकडं यावं, अशी नम्र विनंती होती. थोड्या वेळानं तीच विनंती पुन्हा झाली, जरा कमी नम्र.

"बोलवायलेत तुमाला," बायको म्हणाली.

"ऐकू येतंय. सुतळी सोड थोडी."

मैदानावर हलगी सुरू झाली. शाल दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडली असावी. मी गाठ आवळली, जाळं हलवून पाहिलं आणि खाली उतरलो. हंडा उचलला, बाहेर पडून फाटकाची कडी लावली, ती लागली का ते ओढून पाहिलं आणि अंधार पडायच्या आत हापशाकडं निघालो.