पाटावरची गिन्नी

आमच्या घरात सोन्याची एक गिन्नी होती आणि त्या गिन्नीला एक मालक होता. मालक म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. भंडाऱ्याला राहतात, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. नोकरीच्या पहिल्या पगारात त्यांनी ती आईसाठी घेतली, नागपूरच्या मोठ्या दुकानातून घेतली, मखमलीच्या डबीत घेतली. हे मला कसं माहीत? तीस दिवाळ्या ऐकलं म्हणून. दर दिवाळीला ते आंधळगावाजवळच्या आमच्या गावी यायचे, पूजेसमोर मांडी घालायचे आणि सुरू. डबीचा रंग तेवढा दरवर्षी बदलायचा. एका साली लाल, दुसऱ्या साली निळी. मी चुलीजवळ भजी तळत ऐकायची आणि मनात म्हणायची, पुरे कर ना बाप्पा.

आमच्याकडे भासऱ्याच्या हातात धाकट्या भावाच्या बायकोनं काही द्यायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. चहाचा कप पाटावर ठेवायचा, मग त्यांनी उचलायचा. बोलायचंही सरळ नाही. ते भिंतीकडे पाहून म्हणणार, "पाणी भेटंन का म्हणावं?" आणि मी दाराच्या चौकटीला सांगणार, "आणतो म्हणावं." गावानं हे कधीच सोडलं. आता सुना भासऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजाराला जातात. आमच्या मास्तरांनी नाही सोडलं. आयुष्यभर शाळेत समतेवर भाषणं ठोकलेला हा माणूस घरात पाऊल टाकलं की आधी पाट शोधायचा.

सासू शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं, वेणीफणी मी केली, भात कुस्करून मी भरवला. मास्तर महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन यायचे. तोंडात एक दात नाही त्या म्हातारीला सफरचंदं! दाराशी उभे राहायचे, "बरी आहेस ना, आई?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत घड्याळ पाहायचे.

एकदा औषधांची फार ओढाताण झाली तेव्हा मी सासूला म्हटलं, "आई, गिन्नी मोडू का?" तिनं माझं मनगट असं आवळलं, की एवढा जोर त्या हाडांत कुठून आला कोण जाणे. "तिले हात नोको लावू. सोनाराकडं त बिलकुल नोको नेऊ. मी मेली तरी नोको नेऊ." मला लागलं ते. लेकाचं सोनं जिवापेक्षा प्यारं, आणि घाण काढणारी सून मात्र फुकटची, असंच वाटलं मला. चार दिवस मी तिच्याशी धड बोलली नाही.

तसं ती गिन्नी कधीच कुणाला धुऊ द्यायची नाही. धडधाकट होती तेव्हा दिवाळीला स्वतः दुधात धुवायची, एका कडेला हळदकुंकू चांगलं जाड थापायची आणि तीच कड खाली करून नव्या धानाच्या राशीत गिन्नी उभी खोचायची. मी म्हणायची, म्हातारीची तऱ्हा आहे, चालू दे.

ती गेली. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले आणि मास्तरांनी भिंतीला सांगितलं, "आईची गिन्नी आणा म्हणावं. जरा पाहू."

मी पेटीतून काढून पाटावर ठेवली. त्यांनी उचलली, तळहातावर दोनदा उडवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हलकी लागून राहिली." मग माझ्या नवऱ्याला विचारलं, "दोन वर्षं पेटीची किल्ली कोणाकडं होती?"

"तिच्याकडंच होती," नवरा म्हणाला. बस, एवढंच. आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला. धन्य तो नवरा!

मला आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा कानशिलं तापली. मला चोर म्हणत होते हे. उद्या गावभर होणार होतं, की दोन वर्षं सेवा कायले केली ते कळलं आता. ज्या घरात तीस वर्षं राबली तिथे माझं नाव त्या एका चकतीवर टांगलं होतं.

मग मास्तरांची परीक्षा सुरू झाली. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावला आणि हेडमास्तर विद्यार्थी झाले. आधी गिन्नी चावून पाहिली. तिला काही झालं नाही, यांची कवळी मात्र हलली. मग जुन्या रेडिओतलं चुंबक आणलं, ते चिकटलं नाही. लिंबू पिळलं, रंग बदलला नाही. मग पेल्यात टाकली. "बुडली!" म्हणाले. अहो, बुडणार नाही तर काय तरंगेल? अंगणातला गोटाही बुडतो, तो काय सोन्याचा झाला? हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. सगळ्या परीक्षांत गिन्नी पास झाली तरी यांची मान हलतच होती. "तरी हलकी लागते."

मी चौकटीला म्हटलं, "मोहाडीच्या सोनाराकडं चला म्हणावं. मी बी येतो." सासूनं सोनाराकडे न्यायला मना केलं होतं, ते आठवत होतं मला. पण चोर म्हणून जगायची माझी तयारी नव्हती.

मास्तरांच्या गाडीनं आम्ही तिघं मोहाडीला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. सोनार ऐंशीकडे झुकलेला, गादीवर बसलेला. दुकानात आधीच दोन बाया जोडवी पाहत होत्या. त्यानं काळ्या दगडावर गिन्नी घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. पिवळी रेघ हिरवट झाली आणि उडाली. मग भिंग लावून त्यानं गिन्नी कडेनं फिरवली, आणि एका जागी थांबला. भिंग खाली ठेवलं.

"कोणाची आहे?"

"आमच्या आईची. काल तेरवी झाली," मास्तर म्हणाले.

"गेली का बाई," म्हातारा हळूच म्हणाला.

"खरी आहे का खोटी ते सांगा ना."

"खोटी. पितळ आहे. वरून सोन्याचं पाणी देलं आहे."

मास्तर सगळ्या दुकानाकडे वळले. वर्गात वळायचे तसेच, छाती काढून. "पाहा! मी म्हणतच होतो. मी आणली ते खरी होती. घरच्याच माणसानं बदलवली. किल्ली ज्याच्याकडं, चोर तेच!" जोडवीवाल्या दोघी मान वळवून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"थांबा, गुरुजी," सोनार म्हणाला. त्यानं सुई घेतली आणि गिन्नीच्या कडेवर घट्ट बसलेलं कुंकू खरवडलं. कुंकवाच्या खाली लाख निघाली. लाखेच्या खाली कानशीची खाच होती, तांदळाच्या कणीएवढी. "हे खाच माझ्या हातची आहे. तुमची नोकरी लागली, त्याच साली बाई घेऊन आल्ती. मी कानस लावली, आतून पितळ निंगालं. बाई रडली नाही. म्हणे, खाच बुजवून दे, अन् कोणाले सांगू नोको. माझ्या पोराले लोकं येडा म्हणतीन. मी लाख भरून देली, शब्द बी देला." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तुमी या लेकीले चोर म्हणून राहिले, म्हणून तो शब्द मोडला आज."

जोडवीवाल्या दोघी आता मास्तरांकडे पाहायला लागल्या.

"कोणत्या दुकानातून घेतली होती, गुरुजी?" सोनारानं विचारलं.

मास्तरांनी घसा खाकरला. "दुकान म्हणजे... ओळखीचा माणूस होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भेटला. सस्त्यात देतो म्हणे."

म्हणजे लाल नव्हती, निळी नव्हती, डबीच नव्हती! तीस वर्षं मी त्या डबीवर भजी तळली.

सासूनं माझं मनगट आवळलं होतं ते आठवलं आणि तिथेच रडू फुटलं. दुखणं सोसलं बाईनं, पण लेकाचं नाक कापू दिलं नाही. राग पण आला तिचा, खरं सांगते. त्याचं नाक जपलंस गं, माझं कोणी जपायचं? एक शब्द माझ्या कानात सांगितला असतास, तर मेली असती पण बोलली नसती मी.

माफी? छे! हेडमास्तर माफी मागतात का कधी? दुकानाच्या पायरीवर येऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. भिंतीसमोर नाही, माझ्यासमोर. गिन्नी त्यांच्या बोटांत होती आणि हात माझ्यापुढे केला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"ठेव तुझ्याकडं," म्हणाले.

"घे ना," नवऱ्याला आत्ता वाचा फुटली.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुकानाच्या भिंतीकडे पाहून म्हटलं, "खाली ठेवा म्हणावं. मी उचलतो."

भर बाजारात हेडमास्तर वाकले. गिन्नी पायरीवर ठेवली. सासूची होती म्हणून मी ती उचलली, पदराला पुसली आणि गाडीत मागे जाऊन बसली.