एकहाती नाना

नानांचे दोन्ही हात धडधाकट होते, तरी आमच्या भागात त्यांना सगळे ‘एकहाती नाना’ म्हणत. टीव्हीची मागची बाजू उघडली की ते आधी डावा हात पँटच्या खिशात घालत आणि मगच उजव्या हाताने काम सुरू करत. स्क्रू काढायचा, तारा बाजूला सारायच्या, तुटलेल्या तारेला कथलाचा डाग द्यायचा, सगळे एका हाताने. बॅटरी धरायची वेळ आली तर ती दातांत. एखादे नवे गिऱ्हाईक हळूच विचारी, “लढाईत गेला का हो हात?” नाना मान वर न करता म्हणत, “न्हाई, जाऊ नये म्हणून ठेवलाय.”

सई, नील, मागच्या महिन्यात तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर फोनवरचे फोटो टीव्हीवर कसे पाठवायचे ते शिकवत होतात. तासभर काही जमेना. शेवटी कळले की फोन एका वाय-फायवर होता आणि टीव्ही शेजाऱ्यांच्या. तेव्हा नील तिकडून ओरडत होता, “आजी, फोन दोन्ही हातांनी धर ना, किती हलतोय!” माझा डावा हात पदराखाली होता. टीव्हीजवळ गेले की तो आपोआप तिथे जातो. का जातो, हे तेव्हा सांगायचे मी टाळले. आता क्रमाने लिहिते.

नाना मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. फौजेत ते वायरलेसवर होते. पेन्शनीत निघाल्यावर सांगलीत आले आणि माधवनगरच्या रस्त्याला पिठाच्या गिरणीशेजारी त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले. दुकानात सगळ्यावर पिठाची पांढरी साय. त्यांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा शिंप्याकडून जाड कॅनव्हासचा शिवून घेतलेला असे. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, “बाई, करंटला एका हातानं शिरायचं आन दुसऱ्या हातानं भाईर पडायचं असतंय. मधी काळीज लागतंय. म्हणून दुसरं दार झाकून ठेवायचं.” मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, विज्ञान नव्हे. पण वीज इतक्या कमी शब्दांत मला कुणी समजावली नव्हती.

बिघाड शोधायची त्यांची रीतही दुष्काळी गावाची होती. आमचा रेडिओ बंद पडला तेव्हा मी त्याला दोन चापट्या मारून मगच दुकानात नेला होता. नाना म्हणाले, “मारून काय व्हणार? आधी हिरीत पाणी हाय का बघायचं. मग पाट फुटलाय का बघायचं. मग सरीत उतरायचं. लोक आधी सरीतच कुदळ घालत्यात.” म्हणजे आधी उगम, मग वाट, मग मुक्काम. हा क्रम त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही.

आणि ते भित्रे होते. मी इतका उघडपणे भिणारा पुरुष दुसरा पाहिला नाही. आभाळ भरून आले की ते दुकानातले सगळे प्लग काढून बाहेर बाकावर बसत. अँटेना बसवायला कुणाच्या गच्चीवर गेले, तर आधी पाच मिनिटे नुसते विजेच्या तारांकडे बघत उभे राहत. तुमचे आजोबा माधवनगरच्या कापडगिरणीत स्पिनिंग मास्तर होते, त्यांचे आयुष्य यंत्रांत गेलेले. ते नानांना डिवचत, “काय नाना, फौजेत होतात की भजनी मंडळात?” नाना हसत. “सायेब, जे भ्याले ते पेन्शन घ्यायला माघारी आले.”

पुढे एका वर्षी भिण्याची पाळी आमच्या घरावर आली. आजोबांना हृदयविकाराचा मोठा झटका आला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला आणि तोवर अंथरुणातून उठायचे नाही, जिना तर मुळीच उतरायचा नाही, असे बजावले. आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. मी आजोबांच्या श्वासाकडे कान देऊन वावरायची. भांडे पडले तरी दचकायची. आणि ऑपरेशन परवावर आले असताना अमेरिकेहून तुमच्या बाबाची व्हिडिओ कॅसेट आली. सई, त्यात तुझे बारसे होते. आजोबांनी तुला अजून पाहिले नव्हते. कॅसेट हातात घेऊन ते म्हणाले, “हे बघून जातो, म्हणजे झालं.” त्यातला ‘जातो’ मला सहन झाला नाही.

मी एम.ए. झालेली बाई, पण त्या दिवशी जे केले ते सांगते. नातीचे पहिले पाऊल घरात आले असे मानून मी कॅसेटला हळदकुंकू वाहिले, ओवाळले आणि मग ती व्हीसीआरच्या मशीनमध्ये घातली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. नानांना बोलावणे धाडले. ते आले, डावा हात खिशात गेला, मशीनचे झाकण निघाले. आत बोट फिरवून त्यांनी मला दाखवले. बोट लाल होते.

“मशीन सवाशीण केलासा व्हय बाई?”

आजोबा हसता हसता खोकू लागले आणि मी त्यांची पाठ चोळायला धावले. नानांनी स्पिरिटच्या बोळ्याने सगळे पुसले, कॅसेट पुन्हा लावली. आता चित्र दिसले, पण फाटलेले, तिरक्या पट्ट्यांचे. ते बराच वेळ बघत राहिले. “कॅसेट चांगली हाय, मशीन बी चांगलं हाय. पर अमेरिकेची भरायची रीत येगळी, आपली येगळी. ह्ये मशीन तिला वाचणार न्हाई.”

दोन्ही रीती वाचणारे मशीन आमच्या रस्त्यावर एकच होते, समोरच्या बंगल्यातल्या काकूंकडे. त्यांचे यजमान दुबईत नोकरीला. काकू खिडकीतून म्हणाल्या, “अहो बाई, तुम्ही येऊन खुशाल बघा, चहा टाकते! पण मशीन हलवायचं नाही हो. मागच्या वेळी हलवलं तर बंदच पडलं, आणि यांनी फोनवरून मला जे काय ऐकवलं!” आजोबांना तिकडे नेता येईना, मशीन इकडे येईना. मध्ये वीस पावलांचा रस्ता.

गल्लीतले कुणी म्हणाले, गच्चीवरून तार टाका की पलीकडे. नाना एकदम पांढरे पडले. रस्त्यावरून विजेच्या तारा गेलेल्या होत्या. “त्या तारंजवळनं माझी तार जाणार न्हाई. दुसऱ्या कुणाला बी टाकू देणार न्हाई.” आवाज चढवलेला नव्हता, पण पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मी मनात म्हटले, या माणसाच्या भित्रेपणापायी आजोबा नातीला न बघताच मिरजेला जाणार. तो राग मला अजून आठवतो आणि त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना एक पत्र्याची डबी घेऊन आले. रात्रभर जागल्यासारखे डोळे. समोरच्या मशीनमधून निघणारे चित्र त्या डबीत जाणार, डबी ते हवेत सोडणार आणि आमच्या टीव्हीचा अँटेना ते उचलणार. तारेविना. मी विचारले, “नाना, हे कायद्यात बसतं का?” ते म्हणाले, “बसत न्हाई. त्याचं बी भ्या वाटतंय. पर रस्ता वलांडंल एवढीच ताकद ठेवलीया. धा मिनिटांचं काम.”

टीव्ही आजोबांच्या खोलीत आणून ठेवला, वर दोन दांड्यांचा अँटेना. डबी काकूंच्या खिडकीत. काकू ओरडल्या, “लावू का?” मी ओरडले, “लावा!” पडद्यावर तू आलीस, सई. रंग नाही, सगळे काळेपांढरे, पण तूच. आणि लगेच चित्र खालून वर पळू लागले, थांबेचना. “तिकडच्या चित्राची चाल येगळी पडतीया,” नाना पुटपुटले. त्यांनी टीव्हीचा पाठीमागचा पत्रा काढला, डावा हात खिशात घातला, उजव्या हाताने आतली एक बारीक कळ पिळली. चित्र थांबले. पण कळ झिजलेली होती. दाबून धरली तरच चित्र जागेवर राही. एवढ्यात चित्र पुसट होऊन मुंग्या आल्या. मी अँटेनाची दांडी धरली तशी तू पुन्हा दिसलीस. माणसाचे अंग लागले की अँटेना चित्र चांगले पकडतो.

“बाई, सोडा!” नाना असे ओरडले की मी दोन पावले मागे गेले. “उघड्या सेटाला कुणी हात लावायचा न्हाई!”

मी सोडताच तू नाहीशी झालीस. आजोबा उशीवरून अर्धे उठले. “दिसत होती,” ते म्हणाले. “आत्ता दिसत होती.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी डावा हात खिशातून बाहेर काढला. तो हात मी त्यांच्या कामात पहिल्यांदाच पाहिला. उजवा हात चालू टीव्हीच्या आत कळीवर आणि डाव्याने त्यांनी वरची दांडी धरली. दोन्ही दारे उघडी.

चित्र स्थिर झाले. पाळण्याचे गाणे ऐकू आले, कुणी तुझे नाव तीनदा उच्चारले, आजोबा म्हणाले, “नाक माझंच आहे.” हे मला ऐकूनच माहीत आहे. मी पडद्याकडे पाहिलेच नाही. मी नानांच्या हातांकडे पाहत होते. उजव्या मनगटावर घाम जमून बोटांकडे ओघळत होता, आणि तो बोटांपर्यंत पोचू नये म्हणून मी ‘रामरक्षा’ म्हणत होते. मध्येच ओळ विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. बटण बंद करू की नको? बंद केले तर नाना सुटतील आणि आजोबांची नात जाईल. मी हात पुढे केला, मागे घेतला. कोणाच्या काळजाला जपायचे, हे मला त्या वेळी ठरवता आले नाही.

कॅसेट संपली. नानांनी आधी दांडी सोडली, मग कळ, आणि ते जमिनीवरच बसले. पाण्याचा पेला मी त्यांच्या ओठांना लावला. आजोबा डोळे मिटून हसत होते. मी नानांना स्वयंपाकघरात नेले.

“असं का केलंत?”

“धाकटा भाऊ हुता माझा,” ते म्हणाले. “गावाकडं पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप हुबा करत हुता. एक हात पाइपाला, एक पत्र्याला. पाइप इजंच्या तारंवर गेला. मी खालीच हुतो, बाई. पाइप जरा डावीकडं घे, म्हणून मीच सांगत हुतो.” मग म्हणाले, “तवापास्नं खिसा. कुणाला सांगू नगा.”

मी आजवर कुणाला सांगितले नाही. आता नानाही नाहीत, म्हणून तुम्हांला सांगते.

संध्याकाळी काकू साखर घेऊन धावत आल्या. डबीची ताकद नानांनी सांगितली होती त्याहून जरा जास्त निघाली होती. “बाई, आठ घरांत दिसलं हो बारसं! कोपऱ्यावरच्या मावशी विचारतायत, ही कुठली नवी मालिका?” आजोबांनी ते ऐकले आणि रात्री मला म्हणाले, “तू पाहिलीस ना गं नीट?” मी म्हटले, “पाहिली.”

सकाळी अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून खाली उतरवले आणि आम्ही मिरजेला गेलो. ऑपरेशन झाले, पण आजोबा शुद्धीवर आले नाहीत.

आजोबांचे दिवसकार्य झाल्यानंतर नाना आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दोन्ही हात जोडून दारातच उभे राहिले. मग विचारले, “बाई, सायबांनी पुरतं बघितलं न्हवं?”

“पुरतं बघितलं, नाना.”

“चित्र हाललं न्हाई न्हवं मधी?”

“अजिबात नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले. त्यांनी चपला घातल्या, डावा हात खिशात घातला आणि ते जिना उतरून गेले.