होकाराची मान

सानगडीच्या मैत्रिणींनो, आज शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुम्हाला माहीतच आहे, मी इकडे व्हिएतनाममध्ये पाच-पाच वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवते. केळ्याचं चित्र दाखवलं की पोरं 'बनाना' म्हणायची, माझ्याकडे बघायची आणि घाबरून लगेच 'अ‍ॅपल' म्हणायची. रोज हेच! मी वैतागायची. लिन नावाची एक पोरगी तर बोलायचीच बंद झाली.

आज मदतनीस बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलं बरोबर सांगतात, तेव्हा तुम्ही 'नाही' असं का म्हणता?"

मी कुठे नाही म्हणते? मी तर "हो हो, शाब्बास" म्हणून आपल्यासारखी डावी-उजवीकडे मान डोलावते. इकडच्या पोरांना तोच नकार वाटतो. म्हणजे इतके महिने मी त्यांचं प्रत्येक बरोबर उत्तर चूक ठरवून राहिले होते.

दुपारी मान ताठ ठेवून लिनला केळ्याचं चित्र दाखवलं. तिनं चित्राकडे पाहिलंच नाही. ती नुसती माझ्या मानेकडे बघत राहिली.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "समजलं ना तुले, काय झालं ते?"

"समजलं व बाई," आई म्हणाली, आणि स्क्रीनवर तिची मान अगदी तश्शीच डोलली.

तुम्हीच सांगा, ही मान थांबवू कशी? आणि थांबली तरी, लिन आता बोलेल का?