मागितलेली काडी

मखमलाबादच्या कुसाबाईच्या अंगणात विकत आणलेलं एकही रोप नव्हतं. कुणाच्या कुंपणाबाहेर फांदी आलेली दिसली की चालता चालता नखानं खुडायची आणि पदराच्या टोकात बांधायची.

"मागून आणलेली काडी रुसते," ती म्हणे. "गुपचूप आणलेली लागते."

"वहिनी, या अंगणाचा पंचनामा करायला पोलिसांची अख्खी चौकी लागंल," दीर यादव चिडवायचा.

सत्त्याण्णव साली ती गंगापूर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागली. धुतलेली बाटली उजेडाकडे धरायची. काचेवर ओघळ दिसला तर पुन्हा साबण.

तिथल्या अंधाऱ्या खोलीत, हलत्या मांडणीवर, बाटल्या गरगरत असत. आत पांढऱ्या मुळ्यांचा गुंता. वर झाड नाही, खाली माती नाही.

"सुवर्णाताई, ह्या मुळ्या कशाच्या?"

"सदाफुलीच्या."

"अन् सदाफुली कुठं हाय?"

"नाहीच." सुवर्णा तिथली संशोधक, कुसाबाईच्या लेकीच्या वयाची. "मातीतला एक जिवाणू झाडाच्या पेशीत आपल्या जनुकांचा तुकडा घुसवतो. मग ती पेशी नुसत्या मुळ्याच काढत सुटते. त्या तुकड्याबरोबर आम्ही आणखी एक जनुक धाडलं. सदाफुलीच्या मुळीत रक्तदाबाचं औषध असतं, ते वाढावं म्हणून."

"म्हंजी पाहुणा आला, अन् सैपाक त्याच्या हुकमानं!"

"आणि साखरपाणी आमचं, मावशी."

दिवाळीच्या सुमारास एक बाटली चुकून उजेडात राहिली आणि टाकायच्या बाटल्यांत आली. अशा बाटल्या आधी वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये उकडायच्या, मगच धुवायच्या. कुसाबाईनं ती उचलली आणि थबकली. मुळ्यांतून हिरवा कोंब निघाला होता. पानं सुरकुतलेली, पण पानंच. याला फूल कसलं येईल? सदाफुलीसारखं, की पाहुण्याच्या हुकमाचं?

जवळ कुणी नव्हतं. तिनं बूच काढलं, देठाला नख टेकवलं. पण ही फांदी कुंपणाबाहेर आलेली नव्हती.

बाटली घेऊन ती सुवर्णाकडे गेली. "ताई, जन्मात मागितली नाय. एक काडी द्या."

सुवर्णानं उघडं बूच पाहिलं. "नख लावलंत?"

"टेकवलं."

"बाहेर नाही जायची, मावशी. अंगणात बी धरलं, पसरलं, तर परत बोलावता येत नाही."

"मंग फूल?"

सुवर्णानं बाटली उजेडाकडे धरली. "ते मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. "कुंडीत लावू. आतच, बंद खोलीत. फूल दिसलं की कुकर."

"चालंल. मीच टाकीन."

बाटलीतलं रोप उघड्या हवेला टिकत नाही. कुसाबाईनं त्यावर काचेचं भांडं पालथं घातलं, रोज थोडं थोडं उचलत नेलं. रोप लागलं. शिमग्याआधी फूल आलं. गुलाबी, पाच पाकळ्यांचं, थोडं लहान.

"एवढा हुकूम चालवला, अन् फूल तेच?" ती हसली. मग रोप, माती, कुंडी, सगळं कुकरमध्ये ठेवून तिनं झाकण घट्ट केलं.

संध्याकाळी घरी जाताना एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर सदाफुली झुकली होती. कुसाबाईनं फूल खुडलं, उलटंपालटं करून पाहिलं. तेच होतं. मग काडीही खुडली.