पाहणीचं रुखवत

"चांगलं तेवढंच दाखवायचं गं," असं अक्का म्हणायच्या आणि हातातल्या वस्तूवर हलकी फुंकर मारून, ती पदराने पुसून मगच समोर धरायच्या. गाठी असलेली बाजू त्या कुणाला दिसू देत नसत. मी एकदा आगाऊपणाने मण्यांचं तोरण उलटं करून पाहिलं, तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी तुटक बोलल्या.

नव्वदनंतर बेंगळुरूला आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांची रीघ लागली. त्यात मीही पुण्याहून गेले आणि जयनगरात भाड्याने राहू लागले. अक्का समोरच्या घराच्या मागच्या खोलीत राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. मराठीत कन्नड कधी मिसळलं ते त्यांनाही कळत नसे. नवरा लवकर गेला होता, मूल नव्हतं. तिथल्या मराठी लग्नांत रुखवत मांडून देणं, हेच त्यांचं पोट. मण्यांची तोरणं, लोकरीचे पोपट, खणाच्या बाहुल्या, भरतकामाचे पडदे, सगळं त्यांनी स्वतः केलेलं. लग्न असलं की पेट्या रिक्षातून कार्यालयात जायच्या, आणि लग्न उरकलं की परत यायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आपण तिला हौशी म्हणतो आणि पैसे कमी द्यायला मोकळे होतो.

अक्कांच्या घरमालकाने वर मजला चढवला आणि त्यांच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर न्हाणीघर काढलं. थोड्याच दिवसांत पाइप गळू लागला. अक्का सांगायला गेल्या की तो म्हणायचा, "नाळे नोडोण." उद्या बघू. त्याचा उद्या कधी उजाडलाच नाही. त्याला अक्का जायलाच हव्या होत्या. त्यांच्या जागी आमच्यासारखं कुणी आलं असतं तर भाडं दुप्पट मिळालं असतं.

भाचीच्या बाळंतपणासाठी अक्का म्हैसूरला गेल्या, तेव्हा पाणी भिंतीवरून थेट पेट्यांत उतरलं. त्या परतल्या तोवर खणांना बुरशी आली होती, लोकरीचे रंग एकमेकांत उतरले होते आणि पुठ्ठ्यांचा लगदा झाला होता. मालक म्हणाला, जुनंच सामान होतं, टाकून द्या.

ते "टाकून द्या" त्यांना फार लागलं. भरपाई मिळाली तर नवं सामान आणून पुन्हा उभं राहता येणार होतं. नाही मिळाली तर काम बंद, आणि मग खोलीही सुटणार. मी त्यांना एका वकिलाकडे घेऊन गेले.

वकील भला होता, पण कायम घाईत. त्याने बिलं मागितली. घरी केलेल्या तोरणाचं बिल कुठून आणायचं? मग त्याने तोरणाची किंमत विचारली, तर अक्कांनी खूप विचार करून नुसत्या मण्यांची किंमत सांगितली. मजुरीचं विचारल्यावर म्हणाल्या, "अय्यो, मी घरीच केलं ना ते." मी कपाळाला हात लावला.

कसाबसा दावा तयार झाला. हातात कागदाचा पुरावा नाही, म्हणून वकिलाने पाहणी मागून घेतली. कोर्टाने नेमलेला माणूस घरी येणार, नुकसान डोळ्यांनी पाहणार आणि तसं लिहून देणार. सगळी भिस्त त्या माणसावर होती. वकिलाने बजावलं, मीही बजावलं, की अक्का, काहीही आवरू नका. ओलं, कुजकं, आहे तसं पडू द्या.

"सरी गं," बरं, असं अक्का म्हणाल्या.

पाहणीच्या दिवशी रजा टाकून गेले, तर दारात रांगोळी. भिंतीवरचा ओलीचा डाग भरतकामाच्या पडद्याआड. खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि पाण्यातून वाचलं होतं तेवढं रुखवत तिच्यावर झोकात मांडलेलं. नासलेल्या वस्तू पेट्यांत, पेट्या पलंगाखाली, आणि पलंगपोस जमिनीपर्यंत सोडलेला.

"अक्का, हे काय केलंत?"

"कोर्टाचा माणूस घरी येतोय," त्या म्हणाल्या. "माझं काम कसं असतं ते त्यांना स्वल्प कळायला नको?"

मी पडदा ओढणार तेवढ्यात ते साहेब आलेच, बरोबर मालक. अक्कांनी दोघांना कॉफी दिली, चिरोटे दिले. हो, मालकालाही. साहेबांनी टेबलाभोवती फेरी मारली, चष्मा वर करून मण्यांची वीण पाहिली आणि "तुंबा चेन्नागिदे," फार सुंदर आहे, असं म्हणाले. अक्का चक्क लाजल्या. मी पलंगाखालची पेटी ओढून उघडली तसा कुबट वास सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि लांबूनच विचारलं, जुने कपडे का? मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अक्कांनीच झाकण लावलं. म्हणाल्या, ते खाताहेत ना गं. मालक चिरोटा खात हसत होता. ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

अहवालात आलं की सामान सुस्थितीत आहे, काही जुने कपडे ओलसर आढळले. दावा फेटाळला गेला. मला अक्कांचाही राग आला, खोटं कशाला सांगू? पण जगाचा जास्त आला. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींचं चांगलं दिसावं म्हणून जिने बोटं झिजवली, तिला स्वतःचं वाईट दाखवता येणार नाही, एवढं साधं त्या खोलीत कुणाला कळू नये?

खोली सोडून अक्का येलहंक्याला भाच्याकडे गेल्या. मी एका रविवारी भेटायला गेले. त्यांची खाट जिन्याखाली होती. हात नुसतेच मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या साहेबांना आवडलं होतं ना गं?"

"खूप आवडलं होतं, अक्का."

"मग असं का लिहिलं त्यांनी?"

त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.

"मालकाने पैसे चारले असणार," मी म्हटलं.

अक्कांचा चेहरा सैल झाला. "असंच असणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या कामात खोट नव्हती."

ते साहेब बिचारे सरळ माणूस असावेत. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पुढे दिवाळीच्या आधी अक्का गेल्या, आणि साहेबांवर घेतलेला तो आळ मी आजवर मागे घेतलेला नाही.