भोक पाडायला दिलेला गोळा

आमच्या संग्रहालयात तोफेचे दोन गोळे होते. संग्रहालय लहान, एका खाजगी ट्रस्टचे. जुन्या शहरातली दुमजली इमारत, वर चित्रे, खाली दगडी मूर्ती, नाणी, खापरे आणि थोडी हत्यारे. वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर मी तिथे वस्तूंच्या पाट्या लिहिण्याचे काम घेतले होते. वस्तूचे नाव, ती कशाची, कुठे सापडली, आणि खाली एक वाक्य. बातमी कापण्याचा सराव असल्याने ते जमत असे.

गोळे दौलताबादच्या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबाने दिले होते. विहिरीचे काम चालू असताना ते जेसीबीच्या दातात आले. बरीच वर्षे त्या घरात ते धान्याच्या कणगीचे झाकण दाबायला वापरले गेले आणि मग, पोरे शहरात नोकरीला लागल्यावर, आमच्याकडे आले. शाळेच्या सहलींना हात लावू दिला जाईल अशी आमच्याकडे ती एकच वस्तू होती. दोन्ही गोळे दिसायला सारखे. एक नववी-दहावीच्या मुलांनाही उचलत नसे, दुसरा पाचवीतली मुलगी छातीपर्यंत उचले. मुले त्यांना जड्या आणि हलक्या म्हणत. आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो.

एका सहलीत जड गोळा घरंगळला आणि एका मुलाच्या पायाचे बोट ठेचले. आमचे सचिव निवृत्त प्राध्यापक. त्यांनी ठरवले की दोन्ही गोळ्यांना खालून भोक पाडायचे, त्यात आटे पाडायचे आणि गोळे लोखंडी स्टँडवर बोल्टने कायमचे बसवायचे. काम चाचांच्या मुलाला दिले. चाचा म्हणजे संग्रहालयाचे पहारेकरी, सगळे त्यांना चाचाच म्हणत. मुलाची चिकलठाणा एमआयडीसीत एक शेड होती. गेट, जाळ्या, जिने असे काम तो करी. सकाळी आला, गोळे टेम्पोत टाकले आणि घेऊन गेला.

गोळे परत येईपर्यंत पाटी तयार ठेवावी म्हणून मी तोफांवरचे एक पुस्तक घेऊन बसले. त्यात एक आकृती होती, गोळा मधोमध कापून दाखवलेला. एक प्रकार भरीव. दुसरा पोकळ, त्यात तोफेची दारू ठासलेली, आणि तोंडाला लाकडी खुंटी. खाली लिहिले होते की आतली दारू कोरडी राहिली तर ती कितीही जुनी असली तरी पेट घेऊ शकते. घर्षणाची उष्णता पुरते.

हलक्या गोळ्यावर रुपयाएवढा काळपट डाग होता. त्याच आठवड्यात मोजमाप घेताना मी त्यावरून अंगठा फिरवला होता. आजूबाजूचे लोखंड गार लागत होते. डाग गार लागला नव्हता.

मी दाराशी गेले. चाचा स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते.

"चाचा, मुलाला फोन लावा. भोक पाडू नको म्हणावं."

"क्यों मॅडम? प्रोफेसर साब फिर नाप बदले क्या?"

"त्या हलक्या गोळ्यात दारू असेल. तोफेची. भोक पाडलं तर फुटेल."

त्यांनी बशी जमिनीवर ठेवली. फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला.

"मशीन चालू रैता तो उसकू सुनाई नै देता," ते म्हणाले. त्यांनी तिसऱ्यांदा नंबर दाबला.

मी सचिवांना फोन केला. ते हसले. "अहो बाई, इतकी वर्षं जमिनीत होता तो. माती झाली असेल आतल्या दारूची."

"जमिनीनंतर तो कणगीवर होता, सर. कोरड्या घरात. मग आपल्याकडे."

मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पोलिसांना मी कळवतो. तुम्ही निघा, निघा."

माझी स्कूटी होती. चाचा मागे बसले. इतक्या दिवसांत माझ्याशी बोलताना ते कधी दोन हातांच्या आत आले नव्हते. आता त्यांची बोटे माझ्या खांद्यात रुतली होती. दुसऱ्या हाताने ते फोन कानाला धरून होते, आणि हेल्मेटमधूनही मला ती रिंग ऐकू येत होती. ती वाजत होती म्हणजे फोन शाबूत होता. मी तेवढेच धरून चालले होते. दोनदा रिंग मध्येच तुटली. दोन्ही वेळा ती पुन्हा सुरू झाली.

बातमी डोक्यात आपोआप तयार होत होती. 'चिकलठाण्यात वर्कशॉपमध्ये स्फोट, एक ठार. स्फोटाचे कारण समजू शकले नाही.' अशा बातम्या मी अनेक लिहिल्या होत्या. मृताच्या वडिलांना स्कूटीवर मागे बसवून कधी नेले नव्हते. मोंढा नाक्याला सिग्नल लाल झाला. पुढे बस, बाजूला रिक्षा, जायला जागा नाही. शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोराने आमच्याकडे पाहिले.

"ओ ताई, चाचाला कुठं पळवून नेताय?"

चाचांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "मॅडम, फुटपाथ पे चढाव," ते म्हणाले. मी चढवली.

सिडको ओलांडून मुकुंदवाडी, मग डावीकडे एमआयडीसीत. गल्लीच्या तोंडाशीच ड्रिलचा आवाज आला. तो चालू आहे याचा आधी आनंद झाला आणि लगेच त्याच गोष्टीची भीती वाटली. शेडबाहेर शेजारचा लेथवाला तंबाखू मळत उभा होता.

"आत आहे का तो?" मी विचारले.

"हाय की. सकाळपास्नं किरकिर लावलीय. कान गेले आमचे."

"मशीन बंद करायला सांगा त्याला."

"आमचं ऐकतंय व्हय ते! तुम्हीच सांगा."

चाचा आत गेले नाहीत. शेडच्या बाहेरच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी होती, तिचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला. ड्रिल घरघरत थांबले.

"लाइट गई क्या?" आतून आवाज आला. मग मुलगा दारात आला, चष्मा कपाळावर, हाताला ग्रीस. "अब्बा? तुम इधर?"

"बाहर निकल."

"दो मिनट रुको ना, बिट अटकी है..."

"बाहर!"

तो हसत बाहेर आला. चाचांनी त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला, मग दुसरा. तो पस्तिशीचा होता, दोन मुलांचा बाप. लेथवाला हसायला लागला. मी गोळ्यातल्या दारूचे सांगितले तेव्हा त्याचे हसू थांबले.

दारातून आतले दिसत होते. मशीनच्या पकडीत होता तो जड गोळा. हलका खाली, टेबलाच्या पायाशी, आणि ड्रिलमधून उडालेला तापलेला चुरा त्याच्यावर आणि भोवती पडला होता. काळ्या डागाच्या मध्यावर एक नवी फिकट खूण होती, भोकाची जागा धरायला ठोकतात तशी.

"वो जगह नरम लगी," मुलगा हळू म्हणाला. "सोचा, उधरसेच छेद मारूंगा. आसान काम था, बाद में रख्या." मग तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मैंने उसपे पंच मारा, मॅडम. हथौडी से."

आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने न सांगता गॅस बंद केला. आजूबाजूच्या शेड रिकाम्या झाल्या. पोलीस आले, त्यांनी दोरी बांधली. मग बॉम्बशोधक पथक आले. मागच्या रस्त्यावर एका ट्रकचा फाळका आदळला तेव्हा आम्ही सगळेच खाली बसलो, पोलीससुद्धा. उठताना कोणी कोणाकडे पाहिले नाही.

जाड कपडे चढवलेला एक माणूस आत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा गोळा त्याच्या हातात होता. गाडीत वाळू भरलेले पिंप होते. तिथपर्यंतचे अंतर थोडेच होते, पण तो फार सावकाश चालला. चाचांनी मुलाचे मनगट धरले होते. गाडीचे दार लागले तरी सोडले नाही.

"लाकडाची खुंटी आहे," अधिकारी म्हणाला. "आत भरलेलं आहे." दारू कोरडी होती, हे पुढच्या आठवड्यात कळले.

गाडी गेल्यावर गल्ली पुन्हा सुरू झाली. लेथ फिरायला लागले. मुलगा शेडमध्ये गेला, चुरा झाडला, आणि मेन स्विच वर करायला बाहेर आला. चाचा पेटीसमोर उभे होते.

"अब्बा, सरको. शादी का घर है, गेट कल लगाना है उनकू."

"आज नै."

"वो गोला गया ना अब. गेट में क्या है? पाइप है खाली."

"आज नै बोल्या ना."

मुलाने माझ्याकडे पाहिले. लेथवाल्याने स्टूल आणून दिले. चाचांनी ते पेटीखाली ठेवले, पाठ पेटीला टेकवून बसले, आणि मला म्हणाले, "तुम जाव मॅडम. प्रोफेसर साब कू बोलो, चाचा आज इधरच है."

मी स्कूटी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी थांबून मागे पाहिले, चाचा पेटीला पाठ टेकवून तसेच बसले होते.